टेबलावरची चार अक्षरं

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या आता सगळीकडे आल्या आहेत. कंपन्यांत प्रशिक्षणाच्या दिवशी त्या होतात, दहावीच्या मुलांसाठी शाळा त्या ठेवतात, मोबाइलवर तर फुकट मिळतात. मी बडोद्याच्या रावपुऱ्यात राहते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी कंपनीच्या प्रशासन विभागात माझी नोकरी झाली. अशाच एका चाचणीच्या निकालापायी त्या नोकरीतली माझी काही वर्षं कोंडल्यासारखी गेली. पुढे याच विषयाचा नीट अभ्यास केला तेव्हा स्वतःबद्दल जे कळलं, त्याचा उपयोग मला आजही होतो. म्हणून चाचण्या फेकून द्या, असं मी कुणाला सांगत नाही. त्यांच्यावर विसंबून राहा, असंही सांगत नाही. निवृत्तीनंतर ओळखीतले आईबाप मुलांना घेऊन माझ्याकडे येतात, भाचेमंडळी नोकरीतल्या अडचणी घेऊन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते.

काय घडलं

आमच्या कंपनीनं अलकापुरीतल्या एका हॉटेलात दिवसभराची कार्यशाळा ठेवली. मुंबईहून प्रशिक्षक आले होते. प्रत्येकाला एक छापील पुस्तिका मिळाली. प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं, त्यातल्या एकावर खूण करायची. त्यातला एक प्रश्न असा होता : समारंभाला गेल्यावर अनोळखी माणसांशी आपणहून बोलायला जाता, की ओळखीचं कुणी दिसेपर्यंत थांबता?

मी विचारलं, "कुठल्या समारंभात?" आमच्या गल्लीच्या गणपतीत वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मी रावपुरा टॉवरपासून कोठीपर्यंत दुकानं पालथी घालत असे. गुजराती, सिंधी, मराठी, कुणीही असो, दुकानात शिरून बोलायला मला कधी जड गेलं नाही. आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या जेवणात मी भिंतीकडची खुर्ची धरत असे. प्रशिक्षक म्हणाले, "फार विचार करू नका. पहिलं मनात येईल ते लिहा." त्या घडीला मी साहेब लोकांच्या मधोमध बसले होते. पहिलं मनात काय येणार, ते उघड होतं.

संध्याकाळी प्रत्येकाला चार अक्षरं मिळाली. माझी होती आयएसटीजे. म्हणजे अंतर्मुख, तपशिलात रमणारी, भावनेपेक्षा तर्काला धरून चालणारी आणि शिस्तीची. वर्णन वाचून बरं वाटलं. त्यात वाईट काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाच्या टेबलावर रंगीत पुठ्ठ्याचं कार्ड आलं. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला ती अक्षरं. एकमेकांशी कसं वागायचं हे कळावं, असा हेतू होता आणि तो चांगलाच होता.

काही महिन्यांनी पुरवठादार आणि वाहतूकदार यांच्याशी बोलणी करण्यासाठी एक गट नेमायचं ठरलं. गटप्रमुखाची जागा वरच्या श्रेणीची होती. पादरा, सावली, कर्जणच्या गाडीवाल्यांशी रोज सकाळी फोनवर मीच बोलत असे. भाड्यावरून कुणी अडून बसला की तोडही मीच काढत असे. माझं नाव येईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. साहेबांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "बेन, ए तमारो स्वभाव नथी. तुम्हालाच त्रास होईल." बोलताना त्यांची नजर कुणाला कुठली अक्षरं मिळाली त्या यादीवर होती. माझं रोजचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, तरी ते त्यांना दिसलं नाही. एका दुपारच्या खुणांचं वजन त्या कामापेक्षा जास्त भरलं.

जागा गेली याहून मोठं नुकसान पुढे झालं. मी तशीच आहे, हे हळूहळू मलाच पटत गेलं. बैठकीत एखादा मुद्दा सुचला की मनात यायचं, बोलणं हा आपला प्रांत नव्हे. वर्गणीचं पावतीपुस्तक मी जावेकडे दिलं. घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात राहणं मला सोयीचं वाटू लागलं. स्वभावाबद्दल कुणी अधिकारानं काही सांगितलं की माणूस त्याप्रमाणे वागू लागतो आणि मग ते वागणंच पुरावा म्हणून पुढे येतं. यात धोका आहे तो हाच.

याच कार्डाचा उलटा परिणामही मी पाहिला. आमच्यातल्या एका हुशार तरुणाला नव्या कल्पना सुचणारा, मोकळ्या वृत्तीचा असा प्रकार मिळाला होता. महिनाअखेरचे तक्ते त्याच्याकडून कधी वेळेवर येत नसत. आधी तो दिलगिरी व्यक्त करायचा. कार्ड आल्यानंतर म्हणू लागला, "मी असाच आहे, माझा टाइपच तो." त्याची चूक सुधारण्याजोगी होती, पण तिला आता प्रमाणपत्र मिळालं होतं. मला जिथे कुंपण पडलं, तिथे त्याला सवलत मिळाली. नुकसान दोघांचंही झालं.

पुढे व्यवस्थापन बदललं आणि तीच चाचणी पुन्हा झाली. तोवर माझं टेबल बदललं होतं, जबाबदारी बदलली होती, आजूबाजूला माझ्या बरोबरीची माणसं होती. या वेळी पहिलं अक्षर फिरलं. आय जाऊन ई आलं, म्हणजे मी बहिर्मुख ठरले. नवं कार्ड आलं, जुनं कचऱ्यात गेलं. आधीच्या कार्डावरून जे निर्णय झाले होते, ते मात्र तसेच राहिले. तेव्हा मी ठरवलं की ही अक्षरं येतात कुठून, ते मुळापासून समजून घ्यायचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी मला पुस्तकं दिली, आणि न कंटाळता शंका फेडल्या.

ही अक्षरं आली कुठून

स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मनोवृत्तींच्या प्रकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना त्यातून सर्वत्र गेल्या. रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून त्यांना त्या सुचल्या होत्या. माणसांना खणांत वाटून चिठ्ठ्या लावण्याविरुद्ध त्यांनी स्वतःच इशारा दिला होता. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंगच्या विचारावरून सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घराबाहेर पडून कामाला लागणाऱ्या स्त्रियांना मानवेल असं काम मिळावं, ही त्यामागची तळमळ होती. उद्देश लोकांना दारं उघडून देण्याचा होता, हे लक्षात ठेवावं. ही प्रश्नावली नोकरीसाठी माणसं निवडायला वापरू नये, असं ती चालवणारी मंडळीच सांगतात.

या पद्धतीतली मुख्य अडचण समजायला उंचीचं उदाहरण घ्या. पाच फूट पाच इंचांवर रेघ मारून वरचे सगळे उंच आणि खालचे सगळे बुटके ठरवले, तर रेघेच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या इंचानं असलेले दोघे वेगवेगळ्या जातीचे ठरतील, आणि पाच-चारचा माणूस साडेचार फुटांच्या माणसाचा जातभाई ठरेल. स्वभावाचंही तसंच आहे. बहुतेक माणसं टोकाला नसतात, मधे असतात. रेघेजवळच्या माणसाचं एखाद-दुसरं उत्तर बदललं की त्याचं अक्षर फिरतं. माझं फिरलं ते असं.

मग वर्णन इतकं चपखल का वाटतं? अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते कितपत जुळतं, याला पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी ४.२६ आली. वास्तविक सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. चांगलं बोललेलं आणि थोडं मोघम असलेलं वर्णन कुणालाही आपलंच वाटतं. कार्यशाळेच्या संध्याकाळी मला बरं वाटलं होतं, त्याचं कारण मला इथे सापडलं.

आज अभ्यासक ज्या मांडणीवर जास्त भर देतात तिच्यात खण नाहीत, पाच मोजपट्ट्या आहेत : नव्याची ओढ, कामातला काटेकोरपणा, माणसांत मिसळण्याची हौस, जुळवून घेण्याची वृत्ती आणि चटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. प्रत्येक पट्टीवर आपण कुठे ना कुठे असतो. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ साली बऱ्याच संशोधनांचा एकत्र विचार केला, तेव्हा काटेकोरपणाचा संबंध जवळजवळ सगळ्याच कामांतल्या कामगिरीशी दिसला. बोलकेपणाचा संबंध विक्री आणि व्यवस्थापन अशा ठरावीक कामांपुरता होता. विल्यम फ्लीसन यांनी २००१ साली आणखी एक गोष्ट दाखवली. एकच माणूस आठवडाभरात कधी खूप बोलका तर कधी अगदी गप्प असतो, आणि ही चढउतार मोठी असते. तरी त्याची सरासरी काढली तर ती बऱ्यापैकी टिकून असते. म्हणजे स्वभाव आहे, खरा आहे, पण तो एका दुपारी मोजता येत नाही. वयानुसारही तो सरकतो. विशी ते चाळिशीच्या दरम्यान बहुतेकांचा काटेकोरपणा वाढतो आणि मन अधिक स्थिर होतं.

आपल्या घरातलंच ज्ञान

हे सगळं वाचताना मला आपल्याकडच्या दोन परंपरा आठवत राहिल्या.

एक आपल्या पत्रिकेची. नक्षत्रावरून देवगण, मनुष्यगण, राक्षसगण ठरतो आणि छत्तीस गुणांतले सहा गुण त्यावर अवलंबून असतात. राक्षसगण असलेल्या मुलीला स्थळं नाकारली गेलेली मी आमच्याच नात्यात पाहिली आहेत. ती मुलगी कशी वागते, काय शिकली, सासरी-माहेरी कुणाला कशी उपयोगी पडली, हे कुणी विचारलं नाही. कंपनीतल्या कार्डानं माझ्या बाबतीत हेच केलं. पद्धत परदेशातून आलेली, छपाई गुळगुळीत, पण माणूस न पाहता निकाल देण्याची सवय जुनीच होती.

दुसरी परंपरा समर्थांची, आणि ती मला फार मोलाची वाटते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणं आहेत, उत्तम लक्षणं आहेत, पढतमूर्खाची लक्षणं आहेत. मूर्खलक्षणांची एवढी मोठी यादी दिल्यावर समर्थ सांगतात की ही टाकून देण्यासाठी सांगितली. वाचणाऱ्यानं स्वतःला तपासावं आणि त्यातलं जे अंगी असेल ते काढावं. चौदाव्या दशकात चातुर्यलक्षणाचा समास आहे. त्याच्या आरंभी ते सहज गुण आणि आगंतुक गुण असा भेद करतात. रूपासारखं जे जन्मतः मिळालं त्यावर उपाय चालत नाही, पण अभ्यासानं जे अंगी येतं त्याची कास धरावी. व्यक्तिविकासाचं एवढं नेमकं सूत्र मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नाही. स्वभावाचा कल ओळखायचा, तो मान्य करायचा, आणि कष्ट करायचे ते जे बदलू शकतं त्यावर.

बडोद्यात घडलेलं उदाहरण

रावपुऱ्याला लागूनच दांडिया बाजार. तिथलं अरविंद निवास आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अरविंद घोष १८९३ साली विलायतेतून थेट बडोद्याच्या नोकरीत आले आणि १९०६ पर्यंत इथे होते. आधी जमीन-महसुलाच्या खात्यात, मग मुद्रांकाच्या कचेरीत, मग सचिवालयात, आणि पुढे बडोदा कॉलेजात. तिथे आधी फ्रेंच, मग इंग्रजी शिकवता शिकवता ते उपप्राचार्य झाले, काही काळ प्राचार्यपदही त्यांनी सांभाळलं.

बडोद्याचे राजे सयाजीराव महाराज यांनी त्यांच्या बुद्धीची आणि योग्यतेची नोंद केली, आणि त्याच जोडीला वेळ पाळण्यात व नियमितपणात ते कमी पडतात, हेही लिहिलं. ही गोष्ट खुद्द अरविंदांनीच पुढे सांगितली आहे. १९०३ च्या काश्मीर दौऱ्यात महाराजांनी त्यांना चिटणीस म्हणून सोबत नेलं. दोघांचे खटके उडाले, आणि तो प्रयोग महाराजांनी पुन्हा केला नाही. पण महत्त्वाचं पत्र किंवा भाषणाचा मसुदा लिहायचा असला की बोलावणं अरविंदांनाच जाई.

या साऱ्यात मला शिकण्यासारखं दिसतं ते असं. वेळ पाळत नाहीत, हा शेरा एका वागण्याबद्दल होता. त्यावरून माणसाबद्दल निकाल झाला नाही. दौऱ्यावरचं चिटणीसपण जमलं नाही, म्हणून मसुद्याचं काम काढून घेतलं गेलं नाही. एका खात्यात जीव रमला नाही तर दुसरं खातं होतं, आणि शेवटी वर्गाच्या खोलीत त्यांचा जम बसला. कन्हैयालाल मुन्शींसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. बडोद्यातला हा मितभाषी, पुस्तकात बुडालेला प्राध्यापक पुढच्या दोन वर्षांत कलकत्त्याच्या राजकारणात अग्रभागी होता. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर ते बडोद्याला आले, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यापाशी ध्यानाला बसले, आणि जानेवारी १९०८ मध्ये मुंबईच्या सभेत बोलायला उभे राहिले. १८९३ सालच्या कचेरीत बसून हे कुणाला सांगता आलं असतं?

खुद्द महाराजांचं आयुष्य पाहा. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. सहा वर्षं कसून शिक्षण झालं, १८८१ साली त्यांनी कारभार हाती घेतला, आणि १९०६ साली याच राजानं संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. समर्थांनी सांगितलेले आगंतुक गुण कसे अंगी येतात, हे बघायला आम्हा बडोदेकरांना दूर जावं लागत नाही.

मी काय केलं

त्या प्राध्यापक बाईंनी मला एक साधी गोष्ट करायला लावली. अक्षरं बाजूला ठेवायची आणि वही घालायची. रोज एक प्रसंग, चार रकाने : कुठे, कुणाबरोबर, मी काय केलं, आणि नंतर थकल्यासारखं झालं की हुरूप आला. "मी लाजाळू", "मी तापट" असले शब्द वहीत लिहायचे नाहीत. जे घडलं तेवढंच लिहायचं.

वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देते. "सोमवार, साहेबांच्या खोलीत बैठक, सात जण. विषय ऐनवेळी कळला. एकदाही बोलले नाही. घरी येईपर्यंत डोकं दुखत होतं." आणि तिच्याखाली त्याच आठवड्यातली दुसरी : "गुरुवार, तीच खोली, तेच सात जण. गाड्यांच्या भाड्याचा विषय आदल्या दिवशी माहीत होता, आकडे काढून नेले होते. पहिल्यांदा मीच बोलले. दुपारभर उत्साह."

खोली तीच, माणसं तीच. फरक होता विषय आधी कळण्याचा. अनोळखी माणसांचं मला वावडं नव्हतं, साहेबांचंही नव्हतं. तयारीशिवाय बोलायची वेळ आली की मी मिटत असे. हे कळल्यावर मी बैठकीचा विषय आदल्या संध्याकाळी कळवण्याची लेखी विनंती केली. ती मान्य व्हायला कुणाचं काही गेलं नाही. काही महिन्यांत बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याबरोबर मुद्दे मांडण्याचं कामही माझ्याकडे आलं. पुढे वाहतूकदारांची वार्षिक बैठक मी चालवली. माझा स्वभाव बदलला नव्हता. तो नेमका कळला होता आणि त्याला सोयीची मांडणी मिळाली होती.

तुम्ही काय करावं

चाचणी देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. ही कशासाठी आहे, निकाल कोण पाहणार आणि तो किती काळ ठेवला जाणार. स्वतःला ओळखण्यासाठी असेल तर मनमोकळेपणानं भरा. बढती किंवा बदली त्यावर ठरणार असेल तर नम्रपणे, पण लेखी कळवा की निकालासोबत माझं प्रत्यक्ष काम पाहावं. माझ्या वेळी मला हे सुचवणारं कुणी नव्हतं.

निकाल मिळाला की त्याचं भाषांतर प्रसंगांत करा. "मी अंतर्मुख आहे" या वाक्यावर काही करता येत नाही. "अनोळखी लोकांत पहिला अर्धा तास मी गप्प असते, नंतर मोकळी होते," या वाक्यावर करता येतं. अशा माणसानं कार्यक्रमाला अर्धा तास आधी जावं, म्हणजे गर्दी जमेपर्यंत त्याचा तो वेळ सरलेला असतो.

दोन माणसांना विचारा, एक घरातलं आणि एक कामावरचं. "मी कसा आहे?" असं विचारू नका, उत्तर गुळमुळीत मिळेल. "गेल्या महिन्यात माझ्या कुठल्या वागण्यामुळे तुझं काम सोपं झालं, आणि कुठल्यामुळे अडलं?" असं विचारा. उत्तर ऐकताना खुलासे देऊ नका, लिहून घ्या. घरातलं आणि कामावरचं उत्तर एकमेकांशी जुळलं नाही तर घाबरू नका. दोन्हीकडे तुम्हीच आहात, फक्त जागा वेगळ्या आहेत.

"मी असाच आहे" हे वाक्य स्वतःसाठी वापरणं बंद करा. कल असतो हे खरं, पण महिनाअखेरचा तक्ता वेळेवर देणं हा कलाचा प्रश्न नाही, रीतीचा आहे. मुदतीच्या तीन दिवस आधी सहकाऱ्याला कच्चा तक्ता दाखवायचा, असा नियम आमच्या त्या तरुणाला नंतर एका वरिष्ठांनी घालून दिला. त्याच्या कल्पना कमी झाल्या नाहीत आणि तक्ते वेळेवर येऊ लागले.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर हे जास्त मनावर घ्या. स्वभावाची माहिती ही कामाची मांडणी बदलण्यासाठी वापरा, संधी नाकारण्यासाठी नको. बैठकीचा विषय आधी कळवा. तोंडी बोलायला ज्यांना वेळ लागतो त्यांच्याकडून मत लेखी मागवा. आणि एखाद्याला एखादं काम झेपणार नाही, असं तुम्हाला वाटलं तर त्याला ते ठरावीक मुदतीसाठी करायला द्या, काय अपेक्षा आहे ते आधी सांगा, मुदत संपल्यावर काम बघून बोला. तुमचा अंदाज खरा ठरला तरी त्या माणसाच्या मनात सल राहणार नाही.

मुलांच्या बाबतीत तर फार जपून. "आमचा लाजाळूच आहे" हे पाहुण्यांसमोर मुलाच्या देखत म्हटलं की ते त्याच्या अंगाला चिकटतं. त्याऐवजी त्याला बोलण्याची छोटी, निश्चित कामं द्या. पोस्टात जाऊन तिकिटं आणणं, दुकानदाराला भाव विचारणं, गणपतीत आरतीची वेळ सगळ्यांना सांगून येणं. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणारी केंद्रं सध्या जागोजागी आहेत आणि हजारो रुपये घेतात. ठशांचा आणि स्वभावाचा असा संबंध असल्याला मानसशास्त्रात आधार नाही. त्या पैशांत मुलाला एखाद्या सुट्टीत कार्यशाळेत, शेतावर किंवा ओळखीच्या कुणाच्या कचेरीत बसवून काम पाहू द्या. दहावीनंतरची शाखा निवडताना अभिरुची आणि कल यांची शास्त्रीय चाचणी जरूर घ्या, पण प्रशिक्षित समुपदेशकाकडून आणि शाळेतल्या दोन-तीन वर्षांच्या कामाबरोबर ताडून.

लग्न ठरवतानाही हेच. मुलगा-मुलगी बोलत असतील तर प्रकार विचारण्यापेक्षा प्रसंग विचारावेत. राग आल्यावर तू काय करतोस, पैसे कमी पडले तेव्हा घरात काय झालं, आजारी माणसाचं कुणी केलं. यातून जे कळतं ते चार अक्षरांतून कळत नाही आणि गणातूनही नाही.

एक इशारा मात्र आवर्जून. माणूस आठवडेच्या आठवडे खिन्न असेल, झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो अंतर्मुख आहे असं म्हणून सोडून देऊ नका. हा स्वभाव नव्हे, हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ते लगेच शक्य नसेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे.

चाचणी दिलीच असेल तर तिचा निकाल वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा आणि पुढच्या पानापासून प्रसंगांच्या नोंदी सुरू करा. सहा महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जे जुळेल ते ठेवा, जे जुळणार नाही ते बिनदिक्कत खोडा. तुमच्याबद्दल निर्णय घ्यायला कुणी बसलं असेल, तर त्याच्यापुढे आधी या नोंदी ठेवा आणि निकाल त्यांच्या मागे.